बाजूला काढून ठेवलेली वाटी

वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देत आहेत अमरावती जिल्ह्यातल्या एक निवृत्त शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये त्यांनी छत्तीस वर्षं शिकवलं.)

प्रश्न : माझं वय ३४. आर्वी तालुक्यात आमची नऊ एकर कोरडवाहू शेती आहे आणि गावात मी कृषी केंद्र चालवतो. वडील दरवर्षी मारुतीच्या पारावर भागवत सप्ताह बसवतात. धाकटा भाऊ नागपूरला शिकला आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात पडला. तो मंडपात पाऊल टाकत नाही, महाप्रसादाला जेवत नाही. गेल्या वर्षी काल्याच्या दिवशी चारचौघांसमोर दोघांची जुंपली. तेव्हापासून एका घरात राहून बोलणं बंद आहे, आई मधल्या मधे रडते. माझं म्हणाल तर देव आहे की नाही हे मला खरंच ठरवता येत नाही. आरतीत उभा राहिलो की बरं वाटतं, आणि भावाचं ऐकलं की तेही पटतं. वडील म्हणतात, ‘धुऱ्यावर काहून उभा राह्यतं? इकडं ये नाई त तिकडं जाय.’ भाऊ म्हणतो, तू भित्रा आहेस. मला भांडायचं नाही. निवांतपणे जगता येईल असा स्वतःपुरता काही विचार सापडेल का?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, धुऱ्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या वडिलांनी नेमका शब्द वापरला आहे.

ज्यांनी वावर पाहिलं नाही त्यांना वाटेल, धुरा म्हणजे दोन शेतांमधली वाया गेलेली पट्टी. तुम्हाला माहीत आहे तसं नसतं ते. बंडी त्यावरूनच जाते. कापसाची गाठोडी त्यावरूनच घरी येतात, दुपारची भाकर घेऊन येणारी बाई त्यावरूनच येते. दोन्हीकडचे शेजारी दरवर्षी वखराचं एकेक तास पुढं सरकवतात. आठ-दहा वर्षांत धुरा दीड हाताचा उरतो आणि मग कोणाचीच बंडी जात नाही. दोघांना मिळून जास्तीची पायलीभर तूर होते आणि तहसिलीत तारखा पडत राहतात. असे दोन धुरे आमच्या गावात मी डोळ्यांनी संपलेले पाहिले.

‘मला ठरवता येत नाही’ असं तुम्ही लाजत लिहिलं आहे. तुमच्या घरात सध्या तेवढीच जागा अशी आहे की जिच्यावरून वडिलांना भावाकडं आणि भावाला वडिलांकडं येता येईल. ती नांगरून टाकू नका.

आता माझं सांगते, कारण मी हे पुस्तकात वाचून शिकले नाही.

माझं माहेर तिवसा तालुक्यातलं, मोझरीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले तेव्हा मी आठवीत होते. बाबा त्या रात्री घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि काही न बोलता अंगणात बसून राहिले, एवढं आठवतं. आमच्या गावी रोज संध्याकाळी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना व्हायची. समोर पांढरी चादर टाकलेलं आसन असायचं, मागं तक्क्या. त्यावर कोणाची मूर्ती नाही, फोटो नाही, रिकामं. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, इथं कोण बसणार? बाबा म्हणाले, ‘ज्याले जो दिसन तो.’ आमच्या गल्लीतला तांबोळी त्या प्रार्थनेला बसायचा, आणि गावाच्या त्या टोकाकडचे दोघं-तिघंही. त्या आसनाचा अर्थ मला नंतर कळला. त्या वयात फक्त एवढं कळायचं की तिथं कोणी कोणाला उठवत नाही.

१९७६ साली लग्न होऊन मी मोर्शी तालुक्यात आले, रिद्धपूरच्या बाजूला. सासर महानुभाव. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, उपदेश घेतलेला. महानुभावांची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रीचक्रधरस्वामींचा हा पंथ तेराव्या शतकातला, आणि रिद्धपूर हे त्यांच्या गुरूंचं, श्रीगोविंदप्रभूंचं गाव. उपदेशी, म्हणजे पंथाचा उपदेश घेतलेला माणूस, पंचकृष्णांखेरीज, म्हणजे पंथ मानतो त्या पाच अवतारांखेरीज, दुसऱ्या कोणाची पूजा करत नाही आणि दुसऱ्या देवतेपुढं ठेवलेला प्रसाद तोंडात घालत नाही. मामाजी नमस्कार म्हणत नसत, ‘दंडवत प्रणाम’ म्हणत. माझ्या पेटीत बाबांनी दिलेला तुकडोजी महाराजांचा फोटो होता. तो पाहून मामाजी तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, ‘सूनबाई, आमच्या देव्हाऱ्यात हे नाई बसत. पन तुमच्या खोलीतली भित तुमची हाय.’

मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटतं, एका पंथाला घट्ट धरून राहिलेल्या माणसानं नव्या सुनेला याहून जास्त काय द्यायचं? आपल्या श्रद्धेत त्यांनी कणभर सूट घेतली नाही आणि माझ्या भिंतीवर हक्कही सांगितला नाही.

खरी अडचण गणपतीत यायची. शाळेत गणपती बसायचा, शिरा मी घरून करून न्यायचे. मामाजींना शिरा फार आवडायचा आणि तोच शिरा प्रसाद झाला की चालायचा नाही. पहिल्या वर्षी मी शाळेतून आणलेला द्रोण त्यांच्यापुढं ठेवला. ते उठून गेले. सासूबाईंनी मला चुलीपाशी बोलावून सांगितलं, पुढच्या वर्षी नैवेद्य दाखवायच्या आधी एक वाटी बाजूला काढून ठेव. बस्स. तेवढंच. एकाच कढईतला शिरा, तेच तूप, तोच रवा. मामाजींच्या वाटीतला शिरा शिराच राहिला, शाळेतला प्रसाद झाला. मामाजी १९९८ मध्ये गेले. तोवर वीसेक वर्षं मी ती वाटी काढत आले. त्या वाटीवरून आमच्या घरात कधी वाद झाला नाही, कारण तिच्यात कोणाला खोटं ठरवलेलं नव्हतं.

आता तुमच्या भावाकडं पाहा. तो देव मानत नाही म्हणून प्रसाद घेत नाही. मामाजी देव इतका मानायचे की दुसऱ्याचा प्रसाद घेत नव्हते. कारणं उलटी आहेत, पण पंगतीत दोघांची अडचण एकच आहे. त्याच्यासाठी वाटी बाजूला काढा. काल्याच्या दिवशी वांग्याची भाजी, रोडगे, वरण चुलीवरून उतरलं की नैवेद्याआधी एक ताट झाकून ठेवायचं. आईला सांगा, ती हे आनंदानं करेल. भावालाही सांगा की हे ताट प्रसादाचं नाही, घरचं आहे. त्यानं मंडपात जेवावं असा आग्रह नको, पारामागं जेवला तरी चालेल. वडिलांना सांगा की पोरगा सप्ताहाच्या चुलीवरचं जेवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तुमच्या घरात आणखी एक भांडण होत असणार असा माझा अंदाज आहे, कारण आमच्या भागात ते प्रत्येक घरात होतं : गाडगेबाबा कोणाचे? भाऊ सांगत असेल की बाबांनी नवससायास, कोंबडी-बकरी, कर्ज काढून केलेली तीर्थयात्रा या सगळ्यावर कोरडे ओढले. वडील सांगत असतील की बाबा जन्मभर ‘गोपाला गोपाला’ म्हणत नाचले. दोघंही बरोबर आहेत. पण बाबांच्या दिवसाचा क्रम दोघंही विसरतात. गावात आल्यावर पहिल्यांदा खराटा. दिवसभर गाव झाडायचं, नाल्या काढायच्या, आणि कीर्तन रात्री. कीर्तनातही ते प्रश्न विचारायचे, लोकांकडूनच उत्तर काढायचे. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधल्या, त्यातली चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडं सोपवली. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, हे ते सांगत आले. देव आहे का यावर त्यांनी कोणाशी वाद मांडलेला मला ठाऊक नाही. मंडप झाडला का, हे मात्र त्यांनी नक्की विचारलं असतं.

म्हणून यंदा सप्ताहाच्या आदल्या दोन दिवशी गावातल्या नाल्या काढायचं ठरवा. भावाला पुढाकार द्या, खराटा हातात घ्यायला त्याच्या विचारात काही आड येत नाही. वडिलांनाही त्यात धर्म दिसेल. वर्गणीचा हिशेब पारावर खडूनं लिहायचं कामही भावाला द्या. ज्याला देवाचं काही घेणंदेणं नाही त्यानं लिहिलेला हिशेब गाव डोळे मिटून मान्य करेल.

इथपर्यंत मी तुम्हाला सैल राहायला सांगितलं. आता जिथं सैल राहायचं नाही ते सांगते, आणि हे लिहिताना अजून हात जड होतो.

१९८३ चा श्रावण. मी शिकवत होते त्या गावात चौथीतला एक मुलगा रात्री जमिनीवर झोपला होता. पहाटे पोट दुखतं म्हणाला. अंगावर खूण दिसेना, सूज नाही, तेव्हा घरच्यांनी ओव्याचं पाणी दिलं. शाळा भरायच्या वेळी मी त्याच्या घरी गेले, तर त्याच्या पापण्या मिटत होत्या, उघडायचं म्हटलं तरी उघडत नव्हत्या. मण्यार साप चावला की असंच होतं. दात बारीक, दुखत नाही, खूण सापडत नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास. नर्सबाईंनी आम्हा शिक्षकांना हे सांगितलेलं होतं, मला माहीत होतं. ओसरीवर मांत्रिक बसला होता. मुलाला कडुनिंबाचा पाला चावायला देत होते, कडू लागतो का पाहायला. मी म्हटलं, दवाखान्यात न्या. एकदाच म्हटलं, हळू आवाजात. कोणीतरी म्हणालं, ‘बाई, तुमी शाळेत शिकवा.’ मी गप्प बसले. लोकांच्या श्रद्धेला धक्का लावू नये, मी बाहेरगावची, नवीन, असं सगळं मनात आलं. मुलगा दुपारच्या आत गेला.

हजेरीपटावर त्याच्या नावापुढं रेघ मी मारली.

भाऊ, तुमचा प्रश्न निवांतपणाचा आहे म्हणून हे सांगितलं. निवांतपणा आणि गप्प बसणं यांत मी त्या दिवशी गल्लत केली. मामाजींनी ती गल्लत केली नाही. पुढं १९८९ मध्ये आमच्याच वावरात निंदणाला आलेल्या बाईला घोणस चावला. पाय पिंडरीपर्यंत सुजला. तिच्या नवऱ्यानं मांत्रिकाला आणलं. मामाजींचा त्या मांत्रिकाच्या दैवतावर काडीचा विश्वास नव्हता, त्यांच्या पंथात ते बसतच नाही. पण भांडत बसले नाहीत. जीप बोलावली, बाईला घातलं, नवऱ्याला घातलं आणि मांत्रिकालाही म्हणाले, ‘मंतर टाकाचा असन त जीपमंधी टाक. जीप थांबनार नाई.’ मांत्रिक पूर्ण रस्ता पुटपुटत होता. सरकारी दवाखान्यात तिला लस दिली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी लस तिथं मोफत मिळते, हे तुमच्या कृषी केंद्राच्या काउंटरवर लिहून लावा. फवारणीचे फलक लावता त्याच्या शेजारीच. ती बाई जगली. मांत्रिक म्हणाला मंत्रानं जगली. मामाजींनी त्याला खोडून काढलं नाही, चहा पाजला आणि जीपचं भाडं दिलं.

माझा स्वतःपुरता विचार त्या जीपमध्ये तयार झाला. माणूस मंत्र म्हणतो की नाही यावरून मी आता कोणाशी भांडत नाही. जीप थांबवली तर भांडते. औषध बंद करून अंगारा दिला, बाळंतिणीला उपाशी ठेवलं, एखाद्या म्हातारीला चेटकीण म्हणून वाळीत टाकलं, दुष्काळी वर्षात सप्ताहासाठी सावकाराकडं गेले, तर मी बोलते. आता मोठ्यानं बोलते. तुमच्या वडिलांच्या सप्ताहात असं काही होत नसेल तर भावाला सांगा की त्याचा राग जपून ठेव, तो जिथं कामी येईल अशा जागा पुष्कळ आहेत.

आरतीत बरं वाटतं तर उभे राहा. भावाचं पटतं तर त्याला तसं सांगा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला होऊ शकतात, तुम्हाला होत आहेतच.

प्रश्न : मी उमरेडजवळ राहते, बी.एड. करते. आम्ही बौद्ध आहोत. आजोबा १९५६ ला नागपूरला दीक्षेला गेले होते, घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. माझी जवळची मैत्रीण दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावते. मी टाळते तर ती म्हणते, तू उगाच कट्टर होतेस, जरा मोकळी हो. गेले तर आजोबांना वाईट वाटेल. मोकळं होणं म्हणजे नेमकं काय?
– एक वाचक, जि. नागपूर

उत्तर : बाळ, मैत्रिणीनं ‘मोकळी हो’ म्हणताना एक गोष्ट लक्षात घेतली नाही. मोकळेपणा सगळ्यांना सारख्या भावानं मिळत नाही.

माझ्याबरोबर शाळेत एक बौद्ध शिक्षिका होती. तिचे वडीलही १४ ऑक्टोबर १९५६ ला पांढरे कपडे घालून नागपूरला गेले होते. पाणवठ्यावर ज्यांना लांब उभं केलं जायचं अशी माणसं त्या दिवशी आपलं माणूसपण आपल्या हातानं घेऊन परतली. ब्रह्मा-विष्णू-महेश मानणार नाही, गौरी-गणपतीची उपासना करणार नाही, हे त्यांनी कोणाला दुखवायला म्हटलेलं नव्हतं. एका शारदापूजनाला आमच्या मुख्याध्यापकांनी तिला हार घालायला सांगितलं, ती म्हणाली मी मुलांच्या रांगा लावते, हार दुसऱ्या कोणाला सांगा. ते म्हणाले, एवढ्यानं काय होतं? मला त्या प्रश्नाचा अजून राग येतो. एवढ्यानं काही होत नसेल तर तुम्हीच आग्रह सोडा ना.

माझं मत असं की आधी सैल व्हायचं ते ज्याचं घर मोठं, ज्याचा सण गावाचा सण समजला जातो, त्यानं. वाटी बाजूला काढायचं काम स्वयंपाक करणारीचं असतं. माझ्या सासरी मी सून होते तरी शाळेच्या गणपतीत बहुमतातली मीच होते आणि मामाजी एकटे होते. म्हणून वाटी मी काढायची होती.

तुझ्या मैत्रिणीला हे ऐकव. माझे यजमान २००९ साली गेले. पुढच्या संक्रांतीला ज्या बायकांना मी पंचवीस वर्षं वाण दिलं त्यांच्या घरचं बोलावणं आलं नाही. एकीनंही दारातून तिळगूळ दिला नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ती बातमी वाचून मी रडले. पण त्याआधीच, २०११ पासून, मी माझ्या घरी संक्रांतीचं बोलावणं सुरू केलं होतं. ओसरीवर सतरंजी, तिळगूळ, वाण म्हणून एक वही किंवा भाजीच्या बियांची पुडी. कुंकवाचा करंडा आणि आरसा बाजूच्या स्टुलावर. जिला लावायचं ती स्वतः लावते, जिला नाही ती नाही. नवरा असलेली, नसलेली, बौद्ध, मुसलमान, महानुभाव, सगळ्या येतात. पहिल्या वर्षी सातजणी होत्या. गेल्या वर्षी सतरंज्या कमी पडल्या.

मैत्रिणीला म्हण, करंडा स्टुलावर ठेव, मी येते. ती ठेवेल तर जा, तिळगूळ खा, गप्पा मार. आणि जायच्या आधी आजोबांना सांगून जा. लपवून जाऊ नकोस, त्यांना जे वाईट वाटेल ते लपवण्याचं वाटेल. ते नको म्हणाले तर त्यांच्यापाशी बस आणि त्या दिवशी नागपूरला कसे गेले, कोण बरोबर होतं, काय खाल्लं, ते विचारून लिहून ठेव. संक्रांत पुढच्या वर्षी येतेच.

प्रश्न : माझं वय ७१. दारव्ह्याजवळ शेती. मी जन्मभर देव मानला नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. पत्नी फार भाविक होती, तिला मी कधी अडवलं नाही. ती मार्गशीर्षात गेली. मुलांनी तेरवी केली, मी बाजूला बसून राहिलो. पण आता रोज संध्याकाळी तिच्या तुळशीपुढं दिवा मीच लावतो. हात जोडत नाही, काही म्हणत नाही. फक्त लावतो. मित्र हसतात, म्हणतात, म्हातारपणी पलटला. मी खोटा वागतो आहे का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, नाही. मित्रांनी हसू नये.

तुम्ही चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या दिव्याच्या उजेडात अंगणात बसला असाल. तो लावणारी गेली आणि अंगणात अंधार झाला, तो तुम्ही सहन करत नाही आहात. यात देवाचा प्रश्न मला तरी दिसत नाही. आणि उद्या तुम्हाला त्यात देव दिसायला लागला तरी त्याचा हिशेब मित्रांना द्यायची गरज नाही. त्यांच्या अंगणातून कोणी गेलेलं नाही अजून.

एक विचारते. वाती तुम्ही बाजारातून आणता का? तुमच्या भागात कापूस घरचाच असतो. पत्नी बोंडातली सरकी काढून कापूस हातानं मोकळा करत असतील आणि तळहातावर वात वळत असतील. ती कशी वळायच्या, जाड की बारीक, एक लावायच्या की दोन, दिव्यात तीळतेल घालायच्या की दुसरं काही, हे आता फक्त तुम्हालाच आठवतं. सुट्टीत नातवंडं आली की पाटावर कापूस घेऊन त्यांच्याबरोबर बसा. पहिल्या दहा-बारा वाती बिघडतील. मला माझ्या आईच्या हातची वात अजूनही जमत नाही, मधेच सुटते.